बोर्ड पुसणारा

रिसोड मागं टाकून वाशीमच्या रस्त्याला लागलं की वस्ती संपता संपता उजव्या हाताला एका बियाणे कंपनीचं फाटक लागतं. फाटकाशेजारी दोन लोखंडी खांबांवर सहा फूट लांब, चार फूट उंच असा काळा बोर्ड आहे. हल्ली त्यावर काही लिहिलेलं नसतं. बावीस वर्षं मात्र तो कामाच्या दिवशी भर दुपारी कोरा असा कुणी पाहिला नाही, कारण तो सैफुद्दीनच्या ताब्यात होता.

कागदोपत्री सैफुद्दीन शिपाई. टपाल नेणं, साहेबांच्या खोलीतली फाईल हिशेबनिसाकडं पोचवणं, दुपारी चहा सांगणं ही सगळी कामं तो करतो, पण ती कामं आपली नव्हेत, कुणीतरी चुकून आपल्याकडं दिली आहेत, अशा चेहऱ्यानं करतो. त्याचं काम म्हणजे बोर्ड. कंपनीत यायच्या आधी तो पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, मोटारसायकलींचे नंबर, निवडणुकीत भिंती. रिसोडात अजून दोन-तीन जुन्या शटरांच्या खालच्या कोपऱ्यात 'सैफ पेंटर' अशी तिरकी सही शिल्लक आहे, आणि तिथून जाताना तो हटकून सायकल हळू करतो. मग फ्लेक्स आले. रात्रीतून माणसाच्या उंचीचे फोटो छापून मिळायला लागल्यावर हातानं 'किराणा व जनरल' लिहून घेणारं कोण राहणार? तेव्हा वय पस्तिशीचं, लग्न झालेलं. कंपनीला अक्षर बरं असलेला शिपाई हवा होता, तो लागला.

पहिल्याच दिवशी त्यानं बोर्ड लिहिला आणि जुन्या सवयीनं कोपऱ्यात सही ठोकली. मॅनेजर दौलतसिंग बाहेर आले, बोर्ड वाचला, अक्षर छान म्हणाले आणि अंगठ्यानं सही पुसून टाकली. "सैफू, हे दुकान नोहे," एवढंच बोलले. तेव्हापासून बोर्डावर त्याचं नाव कधी आलं नाही. तो रागावला नाही असं तो सांगतो; पण अंगठ्याची गोष्ट बावीस वर्षं सांगतो आहे, तेव्हा काय ते समजून घ्यावं.

बोर्डावर लिहायचं ते असं. तालुक्यातले शेतकरी कंपनीसाठी सोयाबीनचं बियाणं पिकवतात. काढणी झाली की सगळ्यांचा माल एकदम येऊन चालत नाही, ओट्यावर जागा नसते. म्हणून गावांची पाळी लावलेली; काढणी नसेल तेव्हा बियाणं वाटपाची पाळी. सैफुद्दीन सकाळी दहाला लिहायचा : 'उद्या रिठद. सकाळी ८ पासून. ओलावा १२ टक्क्यांच्या आत.' खडू आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला, म्हणजे अक्षर वाऱ्यानं उडत नाही. मजकूर पांढरा, गावाचं नाव पिवळं. रस्त्यानं जाणारे जीपवाले तिथं गाडी हळू करत, वाचत आणि संध्याकाळपर्यंत बातमी गावच्या पारावर पोचवत. कंपनी टपालानं पत्रंही पाठवायची, ती लोक फडताळात ठेवून द्यायचे. जाऊन यायचं ते मात्र बोर्ड बघून. 'सैफूभाऊनं लिव्हलं' म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. बावीस वर्षांत एकानंही फोन करून, बोर्डावरचं खरं का, असं विचारलं नव्हतं. सैफुद्दीनची कमाई म्हणायची तर ही एवढीच होती, आणि त्याला ती पुष्कळ वाटायची.

मग गेल्या उन्हाळ्यात निकिता आली.

निकिता वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावची. वाशीमला शिकलेली, दोन वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलेली, वय सव्वीस. कंपनीचं इंटरनेटवर एक पोर्टल होतं. एकाच दारातून आत जाऊन शेतकऱ्यानं आपला करार बघावा, गावोगावच्या खरेदी केंद्रावाल्यानं साठा भरावा, दुकानदारानं मागणी नोंदवावी, असा त्याचा बेत. दार मोठं होतं, आत माणूस नव्हतं. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो आणि तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेचं निमंत्रण. एक ओळ बदलायची तर पोर्टल बांधणाऱ्या पुण्याच्या लोकांना कळवावं लागे, ते चार-पाच दिवसांनी बदलत, तोवर ओळ शिळी झालेली असे. निकिताचं काम हे, की पोर्टलवर कंपनीच्या माणसांनाच मजकूर लिहिता येईल अशी सोय बसवायची. पुण्याचा फोन बंद.

तिनं ते साधन आणून बसवलं. आठ दिवस ती खुर्चीतून उठली नाही. मग साचे करायला घेतले. साचा म्हणजे लिहिणाऱ्यासमोर येणारा कोरा नमुना : इथं मथळा, इथं मजकूर, इथं गाव. सूचनेचा साचा कसा असावा हे विचारायला ती दौलतसिंगांकडं गेली, तर त्यांनी मंजुरीची पाच माणसं सांगितली. लिहिणार एक, तपासणार प्लँटचा, मग गोदामाचा, मग हिशेबाचा, शेवटी स्वतः साहेब. तिनं तसं करून दाखवलं. 'पिण्याच्या पाण्याची टाकी धुण्यात येईल' ही पहिली सूचना चारजणांच्या संगणकांतून फिरत साहेबांपर्यंत पोचली तेव्हा टाकी धुऊन सहा दिवस झाले होते. साहेबांनी मुकाट्यानं मधली तीन नावं खोडली.

"बोर्ड कोन लिवते?" निकितानं विचारलं.

"सैफू."

"मंग तेच लिवतीन. मी बोर्डासारखाच साचा करतो."

तिला हे पटकन सुचलं आणि ते चांगलंच सुचलं होतं. ती बसनं मालेगावहून यायची, साडेदहाला फाटकात उतरायची. रोज मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढायची. अकरा फोटो झाल्यावर ते समोर ठेवून तिनं साचा बांधला. बोर्डावर जे होतं ते साच्यात आलं. बोर्डावर तारीख नव्हती, साच्यातही नव्हती. काळी पाटी, पांढरी अक्षरं, गाव पिवळं. सैफुद्दीनला बोलावून दाखवलं, तो खुर्चीच्या कडेवर टेकून बघत राहिला.

"चाचा, तुमी रोज जे लिवता तेच आता यात लिवाचं."

"अक्षर तं सारे सारखेच हायेत वो. हात कुठं दिसते?"

"हात नाई दिसत. पन खाली पाहा."

खाली बारीक अक्षरांत होतं : लेखक – सैफुद्दीन.

"हे कोनं टाकलं?"

"कोनीच नाई. ज्याच्या लॉगिननं लिव्हलं त्याचं नाव आपोआप येते."

सैफुद्दीननं साहेबांच्या खोलीकडं पाहिलं. तिथून कुणी अंगठा घेऊन बाहेर आलं नाही. त्या दिवशी त्यानं एका बोटानं टंकायला सुरुवात केली आणि महिनाभरात दोन बोटांवर आला. घरी बिस्मिल्लाबीला मोबाईलवर पान उघडून दाखवलं. तिनं चष्मा लावून नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिच्या माहेरी मालेगावला बहिणीला फोन करून सांगितलं. बहिणीनं विचारलं, पगार वाढला का? बिस्मिल्लाबीनं फोन ठेवला.

दसरा झाला, काढणी सुरू झाली. दौलतसिंगांनी फर्मान काढलं की आजपासून बोर्ड लिहायचा नाही, सगळं पोर्टलवर, लोकांना सवय लागली पाहिजे. गावोगावच्या मोबाईलवरच्या गटांवर पोर्टलचा दुवा गेला. बोर्ड कोरा झाला. जीपवाले सवयीनं गाडी हळू करत आणि पुढं जात.

आता त्या शुक्रवारचं सांगायला हवं. सैफुद्दीननं सकाळी दहाला लिहिलं : 'उद्या रिठद. सकाळी ८ पासून.' साहेबांनी मंजुरीचं बटण दाबलं, सूचना पोर्टलवर चढली. शनिवारी रिठदचा माल आला, घेतला गेला. रविवार-सोमवार प्लँट बंद राहणार होता. सोयाबीनचं वाण बदलताना सगळी यंत्रं झाडून घ्यावी लागतात, एका वाणाचा दाणा दुसऱ्यात जाता कामा नये. माल घ्यायचा नव्हता, म्हणजे लिहायचंही काही नव्हतं. सैफुद्दीननं दोन दिवसांची रजा टाकली आणि बिस्मिल्लाबीला घेऊन शनिवारी दुपारीच मालेगावला मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला गेला. लग्न छान झालं. तिथंही त्यानं चारजणांना मोबाईलवर आपलं नाव दाखवलं.

सोमवारी दुपारी तीनला तो कंपनीच्या फाटकाशी बसमधून उतरला. हातात लग्नाच्या मिठाईचा डबा, दौलतसिंगांसाठी. फाटकासमोर एक छोटा टेम्पो उभा, त्यात तीस पोती, आणि टेम्पोच्या सावलीत मांडी घालून बसलेली तुळसाबाई.

तुळसाबाई रिठदची. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःच्या हिमतीवर चार एकरात बियाण्याचा प्लॉट घेणारी बाई. चौथी शिकलेली. कंपनीचं बियाणं पिकवायला लागल्यापासून ती बोर्ड स्वतः वाचायची, कुणाला वाचून दाखवू द्यायची नाही. आता मोबाईलही स्वतःच वाचत होती. तिची मळणी शनिवारी संध्याकाळी संपली, त्यामुळं शनिवारची पाळी हुकली. रात्री पोर्टल उघडलं तर पिवळ्या अक्षरात उभं : उद्या रिठद. तिला वाटलं, माल जास्त आला म्हणून पाळी वाढवली असेल. रविवारी सकाळी पोती भरून आली, फाटक बंद. पहारेकऱ्यानं सांगितलं, आज काही नाही. ती परत गेली, पोती उतरवली. रात्री पुन्हा उघडलं : उद्या रिठद.

"सैफूभाऊ, हे पाय." तिनं मोबाईल त्याच्यासमोर धरला. "हे तूच लिव्हलं न? खाली नाव तुयंच हाये न?"

सैफुद्दीननं वाचलं. मजकूर त्याचा, नाव त्याचं.

"माय, हे तं शुक्रवारचं हाये."

"शुक्रवारचं हाये तं आज कायले दाखवून राह्यलं? दोन डाव पोते चढवले, एक डाव उतरवले. काल त्या गेटवाल्यानं वापस धाडलं. म्या म्हटलं, सैफूभाऊ खोटं लिवत नाई, यालेच काई मालूम नसन."

सैफुद्दीनचा मिठाईचा डबा तसाच हातात राहिला. तिनं आरडाओरडा केला असता तर त्यानंही आवाज चढवला असता; पण ती पहारेकऱ्याला खोटं आणि त्याला खरं धरून तीस पोती घेऊन दुसऱ्यांदा आली होती, याची त्याला भयंकर लाज वाटली.

आणि नुसतं भाड्याचं नुकसान असतं तरी परवडलं असतं. सोयाबीनचं बियाणं फार नाजूक. टरफल पातळ, पोतं जोरानं आपटलं की आतला अंकुर मोडतो, दाणा वरून साबूत दिसतो. म्हणून बियाण्याची पोती चढवणं-उतरवणं होईल तितकं कमी करतात. तुळसाबाईनं पोती भरायच्या आधी घरी गोणपाटात शंभर दाणे ओले करून ठेवले होते, त्यातले चार-पाच दिवसांनी एक्क्याऐंशी उगवले. कंपनीला सत्तर तरी लागतात. सत्तरच्या खाली गेलं की ते बियाणं नव्हे, बाजारातलं साधं सोयाबीन.

सैफुद्दीन दौलतसिंगांकडं गेला. प्लँट बंद होता, तरी त्यांनी ओट्याच्या एका कडेला पोती उतरवून घ्यायला परवानगी दिली. सैफुद्दीननं हमालांबरोबर उभं राहून एकेक पोतं हातावर झेलून खाली ठेववलं. नमुना काढून प्रयोगशाळेत गेला. निकाल यायला दहा दिवस.

जाताना तुळसाबाई म्हणाली, "आता तुया लिवण्यावर मी येत नाई बाप्पा. आंधी फोन करीन, मंग पोते भरीन."

ती रागानं म्हणाली नाही, एखादी गोष्ट ठरवून टाकल्यासारखं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मालेगाव केंद्राची पाळी त्यानं लिहिली, आणि अर्ध्या तासात पहिला फोन आला : सैफूभाऊ, लिव्हलं ते खरं हाये का? रिठदची गोष्ट जीपवाल्यांनी त्यांच्या पद्धतीनं पोचवली होती. त्या दिवशी त्याला सव्वीस फोन आले. त्यानं मोजले.

दौलतसिंग माणूस वाईट नाही. त्यांनी त्याला खोलीत बोलावलं. "सैफू, सोपं हाये. नाव काढून टाकू. लिवनं तुयंच राहू दे. लोक शिव्या देतीन तं कंपनीले देतीन, तुले नाई."

बावीस वर्षांपूर्वीचा अंगठा आता त्याच्या भल्यासाठी पुढं आला होता.

"साहेब, इतके दिवस नाव नोतं, चाललं. आता लागलं, अन् चुकी झाल्याबरोबर मिटवलं, तं लोक म्हनतीन सैफू पळाला. पहिले चुकी कायची हाये ते तं कळू द्या. मंग मिटवा."

साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. शनिवारपर्यंत चूक सापडली नाही तर नाव जाणार.

चूक शोधायची तर ती कुठं? निकितानं सगळं उलटंपालटं करून पाहिलं. सैफुद्दीननं शुक्रवारी लिहिलं ते शुक्रवारी खरं होतं. साहेबांनी मंजूर केलं ते बरोबर. साधनानं चढवलं ते चोख. प्रत्येकानं आपलं काम नीट केलेलं आणि तरी तीस पोती दोनदा हेलपाटून आलेली. "तारीख टाकू," ती म्हणाली, "पन तरी जुनी सूचना वरच राहीन. लोक तारीख कुठं वाचतात? बोर्डावर कशी तारीख लागत नोती?" तारीख लागत नव्हती हे खरं. का लागत नव्हती, हे सैफुद्दीननं कधी मनात आणलंच नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला निकिता फाटकाच्या पायरीवर मालेगावच्या बसची वाट बघत बसली होती. सैफुद्दीन आतून बादली घेऊन आला. फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि बोर्ड पुसायला लागला. वरून खाली, डावीकडून उजवीकडं, कोपरे आधी. बोर्डावर एक अक्षर नव्हतं.

निकिता बघत राहिली. "चाचा, कोरा बोर्ड काहून पुसून राह्यले?"

सैफुद्दीनचा हात थांबला. फडक्यातून पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं बोर्डाकडं पाहिलं, मग फडक्याकडं.

"आदत हाये. सहा वाजले का पुसतो."

"रोज?"

"रोज. कालचं आज ठेवून कसं जमन?"

बोलून झाल्यावर ते त्यालाच ऐकू आलं. निकितानं मोबाईल काढून सुरू केला आणि ते अकरा फोटो एकेक करून सरकवले. सगळे सकाळी साडेदहाचे. उन्हात चमकणारी ओली अक्षरं, पिवळं गाव. एकाही फोटोत बादली नव्हती, फडकं नव्हतं. संध्याकाळचा बोर्ड तिनं कधी पाहिलाच नव्हता, कारण सहाच्या सुमाराला ती पायरीवर बोर्डाकडं पाठ करून मोबाईल बघत असे. आज मोबाईलची बॅटरी संपत आली म्हणून तो तिनं बंद करून ठेवला होता आणि डोळे रिकामे होते.

"तुमी मले सांगतलं काहून नाई, पुसता म्हनून?"

"तू इचारलं, काय लिवता. पुसणं काय सांगाची गोष्ट हाये का?"

खरंच होतं ते. त्याला कुणी काम विचारलं तर तो लिहिणं सांगायचा, अक्षराचं कौतुक सांगायचा, खडू भिजवायची युक्ती सांगायचा. पुसणं त्यानं कामात धरलंच नव्हतं. झाडू मारण्यासारखं ते. आणि बावीस वर्षं लोक त्याच्या बोर्डावर विश्वास ठेवत होते तो लिहिण्याइतकाच पुसण्यावर. बोर्डावरचा 'उद्या' खोटा व्हायच्या आत रोज संध्याकाळी कुणीतरी तो पुसत होतं, म्हणून तारीख लागत नव्हती. मालेगावची बस आली आणि निघूनही गेली. दोघं आत जाऊन संगणकापुढं बसले. निकितानं घरी कळवलं, शेवटच्या बसनं येते.

साधनात अशी सोय होती, तिनं वापरली नव्हती एवढंच. सूचना किती वाजता खाली उतरवायची हे आधीच भरून ठेवता येत होतं. तिथं 'कालबाह्यता दिनांक' असं लिहिलेलं. सैफुद्दीन म्हणाला, हे वाचून लिहिणाऱ्याला आपलंच वय झाल्यासारखं वाटेल. तिनं ते खोडून 'पुसायची वेळ' केलं. ते भरल्याशिवाय पुढचं बटण उजळणार नाही असं बसवलं. वार आणि तारखेचा रकाना घातला. लोक मोबाईल रात्रीही बघतात, तेव्हा सूचना पाळीच्या दिवशी संध्याकाळी सहाला, फाटक बंद होताना उतरावी असं ठरलं. 'उद्या' हा शब्द लिहायचा नाही, हे सैफुद्दीननं स्वतःच ठरवलं. ज्या शब्दावर हयात गेली तो सोडताना त्याला थोडं वाईट वाटलं.

"झालं," निकिता म्हणाली. "आता सहा वाजता आपोआप जाईन."

"अन् मंग तिथं काय दिसन?"

तिनं दाखवलं. कोऱ्या पानावर आलं : नोंद आढळली नाही.

"हे नाई चालत. मानसाले वाटन नेट गेलं. कोरं हाये तं कोनं कोरं केलं, ते दिसलं पाह्यजे."

"मंग काय लिवू?"

"बोर्ड पुसला. खाली माह्यं नाव. अन् आपोआप नोको. मी पुसलं नसन तं माह्यं नाव कायले? मले बटन दे."

तिनं त्याला बटण दिलं. सहाला तो स्वतः दाबणार. तो विसरला तर साडेसहाला साधन आपण होऊन पुसणार, पण तेव्हा नाव येणार नाही. शुक्रवारी हे सगळं दौलतसिंगांपुढं मांडलं. एवढ्या मोठ्या पोर्टलवर 'पुसला' हा शब्द बरा दिसतो का, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी खिडकीतून बाहेरचा बोर्ड पाहिला आणि नाव राहू द्या म्हणाले. संचालकांच्या पुढच्या बैठकीत पुसायच्या वेळेची कल्पना आपलीच म्हणून त्यांनी सांगितली असं कळतं. निकिता चिडली. सैफुद्दीन हसला, पोर्टलवर नाव तर त्याचंच होतं.

फोन लगेच थांबले नाहीत. सव्वीसचे वीस झाले, दिवाळीनंतर नऊ. तुळसाबाईच्या पोत्यांचा निकाल आला : बहात्तर. पास. प्रयोगशाळेतला मुलगा अभिनंदन केल्यासारखं सांगायला आला, आणि सैफुद्दीननं मनात एक्क्याऐंशीतून बहात्तर वजा केले. ते नऊ दाणे कुठं गेले हे त्याला ठाऊक होतं. त्यानं निकाल तुळसाबाईला फोनवर सांगितला. ती "बरं झालं" म्हणाली. तिच्या दुसऱ्या तुकड्यातलं उशिराचं सोयाबीन अजून खळ्यावर होतं, पंचवीस-तीस पोती भरतील एवढं.

तिचा फोन मात्र रोज यायचा. सहाला तो बटण दाबायचा, सव्वासहाला ती हजर. "सैफूभाऊ, पाटीवर रिठद नाई. म्हंजे उद्या नाई न?" "नाई, माय." "खरं न?" "खरं." बास, ठेवून द्यायची. आठवडाभर हे चाललं. तो बादली घेऊन बाहेर जायचा, कोरा बोर्ड पुसायचा आणि फडकं वाळत घालता घालता खिशातला फोन वाजायची वाट बघायचा. तो फोन त्याला रोज टोचत होता. पण तिनं विचारू नये असं म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यानं लिहिलं : 'रिठद. मंगळवार, २८ ऑक्टोबर. सकाळी ८ पासून. पुसायची वेळ : मंगळवार, सायंकाळी ६.' दुपारपर्यंत चार फोन आले, रिठदमधून एकही नाही. संध्याकाळचे सव्वासहा झाले, साडेसहा झाले. तुळसाबाईचा फोन नाही. त्यानं पोर्टल उघडून पाहिलं, सूचना जागेवर होती. मग वाटलं, तिचा मोबाईल बंद असेल, तिनं पाहिलंच नसेल, पाळी पुन्हा हुकेल. घरी जेवताना त्यानं दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. बिस्मिल्लाबीनं विचारलं, कुणाचा फोन येणार आहे? तो म्हणाला, कुणाचाच नाही.

मंगळवारी तो साडेसातलाच फाटकावर गेला. पहारेकरी साखळी काढत होता. रस्त्याच्या कडेला एकच टेम्पो उभा होता, पोत्यांवर ताडपत्री आवळलेली, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी तुळसाबाई. तिनं पोती उतरवायला चार माणसं घरूनच आणली होती, हळू ठेवणारी.

सैफुद्दीन टेम्पोच्या खिडकीशी गेला. "माय, काल फोन नाई केला?"

तुळसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, जणू त्यानंच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"कायले करू?" ती म्हणाली. "तू लिव्हलं होतं न."